'आमची सहल' हा नमुना निबंध मी काढून टाकतेय



सहामाही परीक्षा जवळ आली की फोनवर एक निरोप हमखास येतो. "बाई, 'आमची सहल' निबंध पाठवा ना." मी पाठवतेही. दोन वर्षांपूर्वी तो मी इथंच टाकला होता. पंधरा ओळी, सोपे शब्द, शेवटी सुविचारासारखं एक वाक्य. ज्यांनी तो मुलांच्या वहीत उतरवून घेतला असेल त्यांना सांगायचंय की तो निबंध मी इथून काढून टाकतेय. का, ते जरा सविस्तर लिहिते. वाचून माझं चुकतंय असं वाटलं तर तसं जरूर सांगा.

सप्टेंबरमध्ये चौथीची चाचणी घेतली. सहलीवर दहा ओळी, गुण पाच. वह्या घरी आणल्या, रात्री जेवणं आटोपल्यावर तपासायला बसले. पहिल्या चार-पाच वह्यांतच लक्षात आलं की मी माझाच निबंध वाचतेय. "निळेशार पाणी पाहून मन प्रसन्न झाले." "निसर्गाच्या सान्निध्यात वेळ कसा गेला ते कळलेच नाही." सगळ्यांचं मन एकाच ठिकाणी, एकाच शब्दांत प्रसन्न झालेलं. यातल्या निम्म्या मुलांनी आजवर शाळेची एकही सहल केलेली नाही, हे मला माहीत आहे, कारण सहलीचे पैसे गोळा करायला मीच बसते.

एका वहीत तर कमाल होती. मित्रांबरोबर डोंगरावरच्या तळ्याला गेलो, शरद ऋतू होता, लाल-पिवळी पानं टपटप गळत होती, दूरच्या शिखरांवर बर्फ होतं! हा मुलगा भिसेगावचा. त्याच्या घराच्या दारातून जास्तीत जास्त लांबचा डोंगर दिसतो तो माथेरानचा. मोबाईलवर कुठला तरी इंग्रजी निबंध मराठी करून कुणीतरी त्याला लिहून दिला असणार. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. शेतात भात पिवळं पडतं, डोंगर हिरवेच असतात. पानगळ आपण शिशिरात शिकवतो. त्या मुलाला मी हसत हसत पाचपैकी साडेतीन दिले. ऋतूची चूक होती, पण शुद्धलेखन छान होतं.

आता त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या वहीबद्दल. ही मुलगी माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतली. शाळेसाठी इकडे मामाकडे राहते, सुट्टीला वाडीवर जाते. तिनं काय लिहिलं होतं ते तिला आणि तिच्या मामीला विचारून इथं देतेय, नाव देत नाही. शुद्धलेखन तेवढं मी नीट केलंय.

"मी आजीबरोबर माथेरानला जाते. आम्ही अंधारात निघतो. वाटेत दोन वेळा बसतो. आजी तळ्याजवळ काकड्या विकते. तळ्यात उतरायचं नसतं, ते प्यायचं पाणी आहे. लोक ऐकत नाहीत. संध्याकाळी पाटी हलकी होते मग मी घेते."

सात वाक्यं. मी खाली लाल पेनने लिहिलं, "सहलीचे वर्णन अपेक्षित. ओळी कमी." आणि पाचपैकी दोन.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही मैत्रिणींनी नेमकं माथेरानलाच जायचं ठरवलं.

आम्ही चौघी डीएडच्या वर्गातल्या. एक खालापूरकडच्या दोन शिक्षकी शाळेत आहे, एक बदलापूरला खासगी शाळेत, एक लग्नानंतर पनवेलला गेली, ती आता घरी शिकवण्या घेते. चौघींचा एकत्र रविवार म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. नवरे, पोरं, सासवा सगळ्यांची सोय लावून सकाळी नेरळला भेटलो. कर्जतहून मला दोनच स्टेशनं. भिवपुरी रोडच्या आसपास गाडीतून दोन्हीकडे भाताची शेतं दिसत होती, काही ठिकाणी लोंब्या अगदी वाकल्या होत्या. मला ती बर्फाची वही आठवली आणि एकटीच हसले.

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, ती अजून सुरू व्हायची होती. ही गाडी 1907 पासूनची. 26 जुलै 2005 च्या पावसात तिचा मार्ग वाहून गेला, मग 2007 साली पुन्हा सुरू झाली. आम्ही टॅक्सीत इतरांबरोबर बसून दस्तुरीपर्यंत गेलो. त्यापुढे मोटारी नाहीत. मग घोडा, हातरिक्षा, ई-रिक्षा, अमन लॉजपासून मिळणारी गाडी, नाहीतर आपले पाय. आम्ही पाय निवडले. पनवेलची मैत्रीण पहिल्या अर्ध्या तासातच त्याबद्दल आम्हाला बोल लावू लागली.

काही भागात रस्त्याला ब्लॉक बसवलेत, पुढे लाल माती. पावसाळ्यानंतर ती माती अजून दाबून बसलेली असते. मे महिन्यात येणाऱ्यांना जी धूळ खावी लागते ती नव्हती. दोन्हीकडे जांभूळ, अंजनी, हिरडा. पानं गच्च. एकही पान गळताना दिसलं नाही, हे मी मुद्दाम बघत होते.

वाटेत एक हातरिक्षा आमच्या पुढे गेली. एक माणूस ओढतोय, दोघं मागून ढकलतायत, आत बसलेले गृहस्थ फोनवर बोलतायत. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय की सहा महिन्यांत या हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. खालापूरची मैत्रीण म्हणाली, "नागरिकशास्त्राचा धडा चाललाय बघ समोरून." खरंच होतं. वर्गात आपण 'समता' हा शब्द फळ्यावर लिहितो आणि त्याखाली रेघ मारतो.

बाजार मागे टाकून आम्ही शार्लोट तलावाकडे गेलो. चांगलं चालावं लागतं. तळं एकदम समोर येत नाही. आधी गारवा येतो, मग झाडांच्या मधून पाणी चमकतं. आणि पहिली गोष्ट म्हणजे ते पाणी निळं नव्हतं. गडद हिरवं, कडेला जरा तांबूस. चारी बाजूंनी झाडं वाकलेली, त्यांचीच सावली पाण्यात. एका बाजूला बांध, सांडव्यावरून पाण्याची पातळ धार अजून चालू. ती पुढे कड्यावरून खाली जाते. जवळच पिसारनाथाचं देऊळ. माथेरानचं ग्रामदैवत ते. देवळातली घंटा मधूनमधून वाजत होती आणि माकडं आमच्या पिशव्यांवर डोळा ठेवून होती.

पाय भाजत होते. मी चपला काढल्या, कडेच्या दगडांवरून उतरले आणि पाण्यात पाय सोडणार एवढ्यात मागून आवाज आला.

"बाय, पाय नको घालू. प्यायाचा पानी हाय."

एक म्हातारी. पुढ्यात पाटी, पाटीत काकड्या, मीठ-तिखटाची पुडी. तिथं पाण्यात उतरू नये अशी पाटी लावलेली होती. मी ती वाचलीच नव्हती. मी पाय वर घेतले. आणि मला सप्टेंबरमधली ती वही आठवली. तळ्यात उतरायचं नसतं, ते प्यायचं पाणी आहे. लोक ऐकत नाहीत.

खरं सांगते, मला घाम फुटला. दहा वर्षांच्या मुलीनं मला हे लिहून दिलं होतं, कारणासकट. मी ते वाचलं, गुण दिले आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात ठेवलं नाही. तिनं ज्यांच्याबद्दल 'लोक' लिहिलं होतं त्यांत मी जाऊन बसले होते.

ती म्हातारी त्या मुलीची आजी नव्हती. मी वाडी विचारली, तिनं वेगळीच सांगितली. आम्ही चार काकड्या घेतल्या. किती वाजता निघता विचारलं तर म्हणाली, कोंबडा आरवायच्या आधी. उतरायला वेळ लागत नाही, चढायला लागतो. पावसात तर शेवाळावरून पाय घसरतात म्हणून काठी.

मग आम्ही झाडाखाली बसून डबे उघडले आणि बोलणं सुरू झालं. खरं म्हणजे आम्ही गप्पा मारायला आलो होतो, शाळेचं काढायचं नाही असं ठरवूनच. पण चार शिक्षिका एकत्र आल्या की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी वहीची गोष्ट सांगितली. पनवेलची म्हणाली, "आता तूच लिही ना दहा ओळी. समोरच आहे तळं." मी पर्समधल्या पावतीच्या मागे लिहायला घेतलं. पहिली ओळ आली, "माथेरान हे एक निसर्गरम्य थंड हवेचे ठिकाण आहे." तिघी इतक्या हसल्या की शेजारचं माकड पळालं. माझीही सवय वहीतल्या मुलांसारखीच झाली होती. डोळ्यांसमोर तांबूस कडेचं हिरवं पाणी असताना हाताला 'निसर्गरम्य' सुचत होतं.

बदलापूरच्या मैत्रिणीचं मात्र म्हणणं वेगळं होतं आणि ते मी इथं मांडते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेच म्हणाल. ती म्हणाली, "नमुना म्हणजे आधार गं. ज्या घरात वर्तमानपत्रसुद्धा येत नाही, तिथलं पोरगं 'सान्निध्य' हा शब्द कुठून आणणार? डॉक्टरची मुलं काय, लिहितीलच स्वतःचं. आपण नमुना काढून घेतला तर मार खाणार ते गरिबाचं पोर. आणि पालक येऊन विचारणार, बाई शिकवतात तरी काय?" यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाहीये. पाठांतरानं शब्द येतात हे खरंच आहे. आपण सगळेच असे शिकलो.

खालापूरची गप्प बसून ऐकत होती. तिच्या वर्गात निम्मी मुलं कातकरी. ती म्हणाली, "माझ्या पोरांना झऱ्याच्या, चिखलाच्या, माशांच्या जाती माहीत आहेत. त्यांच्या तोंडात त्यासाठी शब्द आहेत, ते मलाच येत नाहीत. मी त्यांना 'निर्झर' पाठ करायला देते आणि म्हणते, याला शब्दसंपत्ती नाही."

तिचं म्हणणं मला जास्त पटलं. नमुना हवा, याला माझी ना नाही. पण आपण देतो तो नमुना कशाचा असतो? पाहिलेलं लिहायचं कसं, याचा तो नसतोच. न पाहता लिहायचं कसं, याचा असतो. मूल त्यातून एवढंच शिकतं की शाळेत लिहायचं जग वेगळं आणि आपलं वेगळं. त्या मुलीनं तिचं जग लिहिलं. मी दोन गुण देऊन तिला सांगितलं की ते इथं चालत नाही. यापुढच्या परीक्षेत ती 'निळेशार पाणी' लिहील आणि मी तिला चार देईन. ती सुधारली असंही मी प्रगतिपुस्तकात लिहीन. हे मी करत आलेय, गेली दहा-बारा वर्षं.

म्हणून यापुढे माझ्या वर्गात नमुना म्हणून त्या सात ओळी असतील. त्या फळ्यावर लिहून मुलांना विचारायचं की यात काय काय दिसतं? वाट चढाची आहे हे तिनं कुठं लिहिलंय? लिहिलेलं नाही, पण दोन वेळा बसतो म्हटल्यावर कळतं. काकड्या विकल्या गेल्या हे कशावरून? पाटी हलकी होते यावरून. मला स्वतःला हे वाचन तळ्याकाठी बसल्यावर सुचलं, हे कबूल करते. नवा शब्द द्यायचाच असेल तर तिथं द्यावा, जिथं मूल अडतं. बांधावरून जास्तीचं पाणी जातं त्या जागेला काय म्हणतात? सांडवा. हा शब्द मूल विसरणार नाही, कारण त्याला त्याची गरज होती.

आता सहलीबद्दल. आपल्या शाळांच्या सहली कुठं जातात ते तुम्हाला माहीत आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, झुले, पॅकेज जेवण. मुलांना मजा येते, त्यात काही पाप नाही. माझी तक्रार एवढीच की त्याचा खर्च ज्यांना झेपत नाही ती मुलं मागे राहतात, आणि जी जातात तीही परत येऊन माझाच निबंध लिहितात. गेल्या वर्षी पालकसभेत मी माथेरान सुचवलं होतं. एक पालक म्हणाले, "बाई, तो डोंगर तर रोज दिसतो. त्यात काय बघायचं?"

तेव्हा मी गप्प बसले. आज मला सांगता आलं असतं. कर्जतला आपल्या अंगणातून वाहणाऱ्या उल्हास नदीचं पाणी नेरळजवळून पंपानं त्या डोंगरावर चढवतात. म्हणजे वर पडणारा पाऊस खाली येतो, नदीला मिळतो आणि परत वर जातो. 'जलचक्र' म्हणून परिसर अभ्यासात ढगांचं चित्र काढतो आपण, त्यात मोटारपंप काढत नाही. एवढा धो धो पाऊस पडूनही पायथ्याच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन का फिरतात? वरचा जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी पितो आणि सोडतो. म्हणूनच वर बांध घालून तळं करावं लागलं. मुलं हे प्रश्न तळ्याकाठी उभी राहून विचारतील. वर्गात विचारत नाहीत.

इतिहासाचंही तसंच. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथं चढून आले आणि त्यांनी माथेरानचा 'शोध लावला', असं आपण सांगतो. मुलांना विचारून बघा, त्यांना वाट कुणी दाखवली असेल? पायथ्याच्या वाड्यांतली मुलं उत्तर द्यायला वेळ लावणार नाहीत. आणि भाई कोतवाल याच डोंगरावर, माथेरानला जन्मले. वकील झाले, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, भूमिगत राहून लढले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाले. त्यांची जयंती आपण शाळेत करतो, भाषणंही पाठ करून घेतो. ज्या लाल मातीत ते खेळले ती दोन स्टेशनांवर आहे.

अडचणी आहेत. कडे आहेत, माकडं आहेत, चाळीस मुलांमागे दोन शिक्षक घेऊन तळ्याकाठी जायचं म्हणजे छातीत धडधड. मुख्याध्यापक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. परवानगीचे कागद वेगळेच. सगळा वर्ग एकदम नेणं जमणार नाही असंही वाटतं. दहा-दहा मुलं, चार पालक बरोबर, असं काही बसतंय का बघतेय. तोवर पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठंही जा. तळं नको, ओढा चालेल, तुमचं शेत चालेल, मामाचं खळं चालेल. परत आल्यावर शेजारी बसून निबंध सांगू नका. मूल लिहील ते चार ओळींचं असेल, त्यात 'मज्जा आली' तीनदा असेल. असू दे. फक्त विचारा, "मज्जा कशाची आली?" आणि ते सांगेल तेच लिहायला सांगा. चुका मी सुधारते, तो माझा पगार आहे.

सोमवारी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावलं आणि वही मागितली. दोनवर काट मारून चार केले. पाच द्यावेत की काय असं वाटत होतं, पण दहा ओळी सांगितल्या होत्या आणि बाकीच्या मुलांनी विचारलं असतं. तिला सांगितलं की मी काल तुझ्या तळ्यावर गेले होते. तिनं मान वर केली.

"बाई, तुम्ही कंच्या वाटेनं गेलात?"

"दस्तुरीपर्यंत टॅक्सीनं. मग चालत."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तुम्हाला अर्धाच डोंगर लागला," आणि खेळायला पळाली.